उपसा

असलं ओलं यंत्र माझ्या दुकानात पहिल्यांदाच आलं.
एरवी येतात त्या यंत्रमागाच्या मोटारी,
अंगावर सुताची पिंजर घेऊन,
जळक्या वार्निशचा वास मारत.

हे तांब्याएवढं. खाली जाळी, बाजूला चोच.
"होडीच्या पोटातला पंप हाय," कौसाबाई मल्लाव म्हणाल्या.
"करमाळ्यात कुणी उघडून बी बघितला न्हाई. नवा घ्या म्हणाले."
केत्तूरहून दोन एसट्या बदलून आल्या होत्या,
पंप पिशवीत, पिशवी मांडीवर,
तापलेलं लेकरू दवाखान्यात आणावं तशी.

जाळी काढली.
माशाचे खवले, गुटख्याच्या पुडीचा कपटा, एक लांब केस.
कार्बन झिजून नखाएवढा.
"पण पाणी आत येतं कुठनं?"
मी आजवर होडीत बसलेलो नाही,
सिद्धेश्वराच्या तळ्यातसुद्धा नाही.

त्या हसल्या.
"कुठनं येत न्हाई ते इचारा.
जाळ्यातनं निथळतं, लाटेवरनं उडतं, सांध्यातनं पाझरतं.
येऊ दे की. आलेलं ऱ्हाऊ द्यायचं न्हाई, एवढंच."

मग सोल्डरचा धूर वर जाईपर्यंत
त्यांनी चैतातली ती सांज सांगितली.
उजनीच्या मधोमध वारं उलटं फिरलं.
काठ दिसत होता, घरातल्या दिव्यांसकट.
"पंप बंद पडलेला कानाला कळलाच न्हाई, वारंच तेवढं.
घोट्याला गार लागलं तवा कळलं."
दीर वल्हं ओढत होता.
ह्या उपसत होत्या,
गोडेतेलाचा डबा तिरपा कापून केलेल्या डबड्यानं.
डबडं फळीला सुतळीनं बांधलेलं.

"बांधलेलं कशाला?"
"घाबरल्यावर हात सुटतो, मिस्त्री.
सुतळी घाबरत न्हाई."

आता फळीखाली जादा फ्यूज चिकटवलेला असतो, प्लास्टिकात.
शिट्टी गळ्यात, काळ्या मण्यांशेजारी.
ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून ठेवलेली;
दीर म्हणतो जागा अडते, ह्या म्हणतात अडू दे.
"मग पंप दुरुस्त झाला की डबडं काढणार?"
माझ्याकडं त्यांनी असं बघितलं
की मी परत कार्बन घासायला लागलो.

"चालवून दावा."

चालवायला पाणी लागतं.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी,
आणि आज चौथा.
ड्रममध्ये वीतभर उरलं होतं.
पंप सोडला, वायरी बॅटरीला लावल्या.
तो आधी गुरगुरला,
मग माझं चार दिवस पुरवलेलं पाणी
कमानीसारखं गटार ओलांडून थेट रस्त्यावर.

समोरची नरसम्मा तेलुगूतच ओरडत आली:
याला येड लागलं, उद्या काय पिणार हा?
मी वायर ओढायला गेलो.
"थांबा," कौसाबाई म्हणाल्या, "तळापातुर जाऊ द्या.
वरचं पाणी कुणीबी ओढतं."

ड्रमला कान लावून उभ्या राहिल्या.
सरसर. खरखर. मग कोरडा खोकला.
"आता काढा. बेस हाय."

रस्त्यावर पाणी आटत चाललं होतं, एक कुत्रं चाटत होतं.
"आमचंच हाय ते," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या,
"यील परत पायपातनं."
दीडशे रुपये मोजून दिले,
पुढच्या खेपेला चिलापी आणते म्हणाल्या
आणि चारची टेंभुर्णी गाठायला निघाल्या.
उरलेला कार्बनचा तुकडाही मागून नेला.

रात्री अडीचला गल्ली जागी.
हंडे, घागरी, कळशा, पायपाची वेटोळी,
नरसम्मा माझ्याशी अबोला धरून, पण रांगेत माझ्याच पुढं.
कुठंतरी शंभर किलोमीटरवर
कुणीतरी काल होडीबाहेर फेकलेलं
याच वाटेनं येत असेल का, माहीत नाही.

ड्रमचा मग मी संध्याकाळीच बांधून ठेवला होता,
तीन पदरी सुतानं, कडीला.
पोरगं म्हणालं, हे कशाला?
मी काही बोललो नाही.

नळानं आधी हवा सोडली.
मग खाकरला.